वयस्कांमधील तीव्र अ‍ॅलर्जी: अंगावर पित्त उठले नाही, म्हणून ओळखायला झालेला उशीर

कृष्णाकाठ

माझे वडील, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, ७४ वर्षांचे आहेत आणि साताऱ्याजवळच्या आमच्या गावी राहतात. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या कंबरेत उसण भरली, म्हणून मी त्यांना गावातल्या एका दवाखान्यात घेऊन गेले. तेथे त्यांना डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचे इंजेक्शन देण्यात आले. याच औषधाच्या गोळ्या त्यांनी आधी कित्येकदा घेतल्या होत्या आणि कधीही त्रास झाला नव्हता, त्यामुळे विचारपूस करण्याचे कोणाच्याच मनात आले नाही. बाहेरच्या बाकावर येऊन बसल्यावर तीन-चार मिनिटांतच "मला कसेतरीच होते आहे" असे ते म्हणाले. त्यांना दरदरून घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, पोटात मुरडा उठला आणि कपड्यांतच शौचास झाली. अंगावर एकही गांध नव्हती, खाज नव्हती, ओठांना सूज नव्हती. वय पाहता आम्हा सर्वांच्या तोंडून एकच शब्द निघाला, तो म्हणजे हृदयविकाराचा झटका.

यानंतर मी जे केले ते आजही माझ्या मनातून जात नाही. ते बाकावर आडवे होऊ पाहत होते, तर मी त्यांना उठवून बसवले, पाणी पाजण्याचा प्रयत्न केला आणि माझ्या भावाच्या व माझ्या खांद्यावर त्यांचे हात टाकून त्यांना गाडीपर्यंत चालवत नेले. त्या दहा-बारा पावलांत त्यांची शुद्ध हरपली. साताऱ्याच्या रुग्णालयात पोहोचायला पंचवीस मिनिटे लागली. तेथे वरचा रक्तदाब ६० च्या आसपास होता आणि खालचा लागतच नव्हता. ईसीजीमध्ये बदल दिसत होते, त्यामुळे हृदयरोग विभागाकडे नेण्याची तयारीही सुरू झाली. मात्र तेथील एका तरुण डॉक्टरांनी मला दोनच प्रश्न विचारले. आज कोणते औषध नव्याने दिले गेले आणि ते किती वाजता दिले गेले? उत्तर ऐकताच त्यांनी मांडीत अ‍ॅड्रेनॅलिन देण्यास सांगितले. माझे चुलते तेथेच होते. थकलेल्या हृदयाला असे जोरकस औषध नको, असे म्हणून त्यांनी विरोध केला, पण डॉक्टर थांबले नाहीत. पाच मिनिटांनी दुसरी मात्रा द्यावी लागली, सलाईनच्या बाटल्या भराभर चढवल्या गेल्या आणि अर्ध्या तासाच्या आत आबांनी डोळे उघडले.

आबा रक्तदाबासाठी अनेक वर्षे मेटोप्रोलॉल घेतात, त्यामुळे अ‍ॅड्रेनॅलिनचा परिणाम उशिरा झाला, असे नंतर आम्हाला सांगण्यात आले. पुढे केलेल्या अँजिओग्राफीत मोठा अडथळा आढळला नाही. या मंचावर वैद्यकीय व्यवसायातील अनेक जाणकार आहेत, म्हणून विचारते. अंगावर पित्त न उठता इतकी तीव्र अ‍ॅलर्जी कशी येऊ शकते? पूर्वी पचलेले औषध अचानक कसे बाधते? आणि चुलत्यांना वाटलेली भीती कितपत खरी होती?

वैनगंगा

कृष्णाकाठताई, आबा सुखरूप आहेत हे वाचून बरे वाटले. मी निवृत्त भूलतज्ज्ञ आहे आणि माझी बहुतेक सेवा विदर्भातल्या सरकारी रुग्णालयांत झाली. भूल देताना आमच्या हातून एकामागून एक इतकी औषधे शिरेत जातात, की या प्रतिक्रियेशी आमची ओळख इतरांपेक्षा जरा जवळची असते. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

या अवस्थेला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. पोर्तिये आणि रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये हा शब्द प्रथम वापरला. समुद्रातील एका जिवाचे विष त्यांनी कुत्र्यांना अल्प प्रमाणात दिले होते. त्याने कुत्र्यांची सहनशक्ती वाढेल अशी त्यांची अपेक्षा होती, पण काही आठवड्यांनी तेच विष दुसऱ्यांदा दिल्यावर ती काही मिनिटांत दगावली. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर याच प्रयोगात आहे. आधीची गाठ निर्धोक गेली म्हणजे पुढचीही जाईल असे नाही. उलट अनेकदा पहिल्या गाठीतच शरीर त्या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करून ठेवते आणि पुढे कधीतरी तोच पदार्थ आला की मास्ट पेशी, म्हणजे ऊतींमध्ये असणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, हिस्टामिनसारखी रसायने एकदम बाहेर सोडतात. त्यातही गोळी पोटातून सावकाश रक्तात उतरते, तर इंजेक्शन फार वेगाने उतरते.

आता अंगावर न उठलेल्या पित्ताविषयी. सर्व वयोगटांचा एकत्रित विचार केला तरी दर दहा रुग्णांमागे एक-दोघांच्या त्वचेवर काहीच दिसत नाही. वयस्क रुग्णांत तर रक्ताभिसरणाची लक्षणेच पुढे येतात. रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांतून द्रव बाहेर झिरपतो आणि दहा मिनिटांत रक्तातील द्रवाचा तिसरा हिस्सा ऊतींमध्ये जाऊ शकतो. मग त्वचेपर्यंत रक्तच पोहोचत नाही, आणि कित्येकदा रक्तदाब सावरू लागल्यावर अंगावर लाली व गांधी उमटतात. घरच्यांना मात्र दिसतो तो घाम, घेरी, पोटातला मुरडा आणि निपचित पडलेला वृद्ध माणूस, त्यामुळे झटका, साखर उतरणे, पक्षाघात अशा ओळखीच्या नावांकडेच विचार वळतो. यात आपला दोष मानू नका, डॉक्टरही येथे चुकतात.

आबांच्या ईसीजीतील बदलही खोटे नव्हते. हृदयाच्या स्नायूंत आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या भोवती मास्ट पेशी असतातच. त्यांतून बाहेर पडलेल्या रसायनांनी धमनी आकुंचन पावते किंवा तिच्यात साठलेला चरबीचा जुना थर फुटतो. कौनिस या ग्रीक हृदयरोगतज्ज्ञांनी १९९१ मध्ये या प्रकाराचे वर्णन केले आणि आता तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. म्हणजे अ‍ॅलर्जी की झटका असा प्रश्न विचारावा, तर काही वृद्धांच्या बाबतीत उत्तर दोन्ही असे असते.

उंबरठा

वैनगंगाकाका, आपल्याविषयी पूर्ण आदर बाळगून एक शंका मांडतो. माझ्या आईला, जिचे वय तेव्हा ७० होते, काही वर्षांपूर्वी एका प्रतिजैविकाची प्रतिक्रिया आल्यावर अ‍ॅड्रेनॅलिन देण्यात आले. त्यानंतर तिचे हृदय इतके धडधडू लागले आणि रक्तदाब इतका वर गेला, की दोन दिवस तिला अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. तेव्हापासून आमच्या कुटुंबात या औषधाची धास्ती आहे. आमचे नेहमीचे डॉक्टर अशा वेळी फेनिरामाइन, म्हणजे आपण ज्याला एव्हिल म्हणून ओळखतो ते, आणि त्यासोबत स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात व पुष्कळदा तेवढ्यावर भागते. हृदयाचा आजार असलेल्या वृद्धांसाठी तोच मार्ग अधिक सुरक्षित नव्हे का?

वैनगंगा

उंबरठा, आपण ही शंका उघडपणे विचारलीत याबद्दल आभारी आहे, कारण नेमक्या याच धास्तीपायी माणसे दगावताना मी पाहिली आहेत.

आपल्या मातोश्रींना ते औषध कोणत्या मार्गाने दिले गेले, हे तेव्हाच्या कागदपत्रांत अवश्य पाहावे. अ‍ॅड्रेनॅलिनच्या एक मिलिलिटरच्या कुपीत एक मिलिग्रॅम औषध असते. प्रौढ माणसाला त्यातले अर्धे, म्हणजे ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत द्यायचे असते. या मार्गाने ते पुरेशा वेगाने, तरीही मर्यादेत रक्तात उतरते. तेच औषध घाईघाईने थेट शिरेत ढकलले गेले, तर हृदयाची लय बिघडणे, रक्तदाब एकदम चढणे, छातीत दुखणे असे प्रकार होतात आणि वृद्धांत ते अधिक होतात. अ‍ॅड्रेनॅलिनने हृदयाला झालेल्या गंभीर अपायाच्या ज्या हकिकती सांगितल्या जातात, त्यांतील पुष्कळशा शिरेतून दिलेल्या किंवा चुकीच्या मात्रेच्या असतात. मांडीत योग्य मात्रेत दिल्यावरही थोडी धडधड, हातांना कंप आणि अस्वस्थता येते, पण ती काही मिनिटांत ओसरते. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये मांडीतील अ‍ॅड्रेनॅलिनला वयाचा किंवा हृदयविकाराचा पूर्ण मज्जाव नाही. रक्तदाब ६० वर रेंगाळत असताना हृदयाला स्वतःलाच रक्त मिळत नसते. ते मिळवून देणारे औषध हृदयाच्याच काळजीपोटी रोखून धरणे, यासारखा दुसरा घात नाही.

फेनिरामाइनने खाज आणि गांधी कमी होतात, परंतु त्याने पडलेला रक्तदाब वर येत नाही आणि आवळलेली श्वासनलिका मोकळी होत नाही. स्टेरॉइडचा परिणाम सुरू व्हायलाच काही तास जातात. ब्रिटनच्या पुनरुज्जीवन परिषदेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत तर ही दोन्ही औषधे सुरुवातीच्या उपचारांतून काढून टाकली. वृद्धांना फेनिरामाइनसारख्या जुन्या औषधांनी गुंगी येते, काहींची लघवी अडते, काही भ्रमिष्टासारखे बोलू लागतात, आणि मग रुग्ण औषधाने झोपला आहे की रक्तदाबाअभावी शुद्ध हरपत आहे, हेच कळेनासे होते. आपल्या डॉक्टरांचे "तेवढ्यावर भागते" हे खरे असणार, कारण बहुतेक प्रतिक्रिया सौम्य असतात आणि आपोआपही शमतात. प्रश्न न शमणाऱ्यांचा आहे. प्राणघातक ठरलेल्या प्रतिक्रियांचा जो अभ्यास इंग्लंडमध्ये झाला, त्यात हृदय किंवा श्वास थांबेपर्यंतचा मध्यम काळ अन्नाच्या बाबतीत ३० मिनिटे, कीटकदंशाच्या बाबतीत १५ मिनिटे आणि दवाखान्यात दिलेल्या औषधांच्या बाबतीत अवघी ५ मिनिटे होता.

साप चावलेल्या रुग्णांचे उदाहरण देतो. आपल्याकडचे सर्पविषावरील औषध घोड्यांच्या रक्तापासून तयार होते, त्यामुळे त्याची प्रतिक्रिया येणे मुळीच दुर्मीळ नाही. शेतात ताठ चालणारे, पण हृदयाच्या गोळ्या घेणारे साठी-सत्तरीतले शेतकरी आमच्याकडे रात्री-अपरात्री आणले जात. पहिली कुपी चढवण्यापूर्वी अ‍ॅड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवायचे, हा आमचा नेम होता. वय पाहून ती सिरिंज बाजूला ठेवली, असे एकदाही केले नाही.

कृष्णाकाठताई, मेटोप्रोलॉलविषयी आपल्याला सांगितले ते बरोबर आहे. त्या गटातील गोळ्या अ‍ॅड्रेनॅलिनच्या परिणामाची वाट काही अंशी अडवून ठेवतात. वारंवार मात्रा देऊनही दाद मिळाली नाही, तर ग्लुकॅगॉन शिरेतून सावकाश देतात, कारण ते ती वाट टाळून हृदयाला चालना देते. दुर्दैवाने अनेक ठिकाणी ते कपाटात नसते. मात्र एक विनवणी करतो. हे वाचून कोणीही घरातल्या ज्येष्ठांची मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल परस्पर बंद करू नये. ती एकाएकी थांबवल्याने छातीत कळा येऊ शकतात आणि झटकाही येऊ शकतो.

आणि त्या दहा-बारा पावलांविषयी. रक्तवाहिन्यांत द्रव उरलेला नसताना रुग्णाला उभे केले, की पायांत रक्त उतरते आणि हृदयाकडे भरण्यापुरतेही रक्त परत येत नाही. म्हणून अशा रुग्णाला आहे तेथेच आडवे करावे, पाय उंच ठेवावेत, शौचालयापर्यंतही चालवू नये. धाप लागत असेल तर पाय लांब पसरून टेकून बसू द्यावे, उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे. आबा बाकावर आडवे होऊ पाहत होते. शरीर बहुधा योग्य तेच मागत होते. आपल्याला हे कोणी कधी शिकवले नव्हते आणि बेशुद्ध होणाऱ्याला पाणी पाजणे तर आपल्याकडे हाडीमांसी रुजलेले आहे, तेव्हा स्वतःला कोसत बसू नये.

औषधवाला

वीस वर्षे औषधांचे दुकान चालवतो आहे, त्या अनुभवावरून पुढच्या धोक्याविषयी लिहितो. आबांना डायक्लोफेनॅक चालत नाही हे आता घरात सर्वांना पाठ झाले असेल, परंतु हे औषध त्याच नावाने समोर येईलच असे नाही. अंगदुखीसाठी सर्रास मागितल्या जाणाऱ्या गोळ्यांत पॅरासिटामॉलच्या जोडीला अ‍ॅसिक्लोफेनॅक असते आणि त्याची रचना डायक्लोफेनॅकच्या फार जवळची आहे. गुडघ्यांना चोळण्याच्या मलमांत आणि फवाऱ्यांत ते असते. मोतिबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर सूज उतरण्यासाठी डोळ्यांत घालायच्या थेंबांतही असते, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. गिऱ्हाईक पाकिटाचा रंग दाखवून गोळी मागते आणि नाव वाचण्याची तसदी दोन्ही बाजूंनी घेतली जात नाही, हे मी आमच्या व्यवसायातील उणीव म्हणून मान्य करतो.

त्यामुळे "पेनकिलरची अ‍ॅलर्जी" एवढेच लिहून ठेवू नये. औषधाचे मूळ नाव, ते तोंडाने घेतले की इंजेक्शनने, किती मिनिटांत काय झाले आणि त्या वेळी कोणत्या गोळ्या चालू होत्या, हे सर्व कागदावर हवे. आबांना उद्या हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन द्यायचे ठरले तर तेही डायक्लोफेनॅकच्याच गटातले औषध आहे. ते कायमचे वर्ज्य समजायचे की रुग्णालयात देखरेखीखाली थोडे-थोडे देऊन पाहायचे, हे अ‍ॅलर्जीच्या तज्ज्ञांनीच ठरवायला हवे, आणि त्यांना ठरवायला आधार लागतो तो याच तपशिलाचा.

तांबडी_माती

माझ्या सासूबाई सावंतवाडीला असतात. गेल्या वर्षी पहाटे उठल्या तेव्हा त्यांची जीभ आणि खालचा ओठ इतका सुजलेला होता, की शब्द उमटत नव्हता. आदल्या रात्री कोळंबी खाल्ली होती, तेव्हा सर्वांनी खापर कोळंबीवर फोडले. खाज नव्हती, गांधी नव्हत्या. इंजेक्शने देऊनही सूज दिवसभर तशीच राहिली. अखेर एका डॉक्टरांनी रक्तदाबाच्या रामिप्रिल या गोळीकडे बोट दाखवले, जी त्या सहा वर्षे घेत होत्या. ती बंद केल्यावर पुन्हा तसे झाले नाही. कोळंबी मात्र त्यांनी धास्तीने अजून तोंडात घातलेली नाही. शिवाय कोळंबी चालत नाही म्हणजे सीटी स्कॅनसाठी देतात ते आयोडीनचे औषधही चालणार नाही, असेही त्यांना कोणीतरी सांगितले आहे. यात तथ्य आहे का?

वैनगंगा

आपल्या सासूबाईंना झाला तो प्रकार या धाग्यात यायलाच हवा होता. रामिप्रिल, एनालाप्रिल या गटातील गोळ्यांनी ब्रॅडिकायनिन नावाचे रसायन शरीरात साठते आणि काही जणांत त्यामुळे जीभ, ओठ, घसा सुजतो. हिस्टामिनचा त्यात संबंध नसल्याने खाज नसते, आणि नेहमीची अ‍ॅलर्जीची औषधे व अ‍ॅड्रेनॅलिन यांचाही फारसा उपयोग होत नाही. तेथे श्वासाची वाट मोकळी राखणे हाच मुख्य उपचार असतो, म्हणून सूज जिभेवर आली की घरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे. गोळी सुरू केल्यावर कित्येक वर्षांनीही हे घडते. सोबत मधुमेहासाठी विल्डाग्लिप्टिन चालू असेल तर शक्यता वाढते, आणि आज ही जोडी असंख्य ज्येष्ठांच्या डब्यात असते. त्या गटातील कोणतीही गोळी सासूबाईंना पुन्हा देऊ नये.

आयोडीनच्या समजुतीत तथ्य नाही. कोळंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जी त्यांतील ट्रोपोमायोसिन या प्रथिनाची असते, आयोडीनची नव्हे. सूज रामिप्रिलची होती याची डॉक्टरांना खात्री असेल, तर एकदा त्यांना विचारून कोळंबीवरील बंदीही उठवता येईल.

दूरदेशी

मी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये राहते. येथे मुलांकडे येऊन सहा-सहा महिने राहणाऱ्या आई-वडिलांसाठी एक माहिती देते. येथे लोन स्टार नावाची गोचीड आढळते आणि तिच्या चाव्यानंतर काही जणांना सस्तन प्राण्यांच्या मांसाची अ‍ॅलर्जी होते. माझे सासरे ६८ वर्षांचे आहेत. ते रोज बागेत काम करत असत. पायाला चावे घेतलेले दिसले होते, पण कोणी लक्ष दिले नाही. काही आठवड्यांनी रात्रीच्या जेवणात मटण होते आणि ते जेवून चार-पाच तासांनी, सर्व झोपेत असताना, तळहातांना खाज, जुलाब आणि चक्कर असे सुरू झाले. जेवण आणि त्रास यांत इतके अंतर असल्याने आम्हाला संबंध लागला नाही. रक्ततपासणीनंतर निदान झाले. आता ते येथे स्वतः टोचून घेण्याचे अ‍ॅड्रेनॅलिनचे पेन बाळगतात. कोंबडी आणि मासे त्यांना चालतात; प्राण्यांपासून बनणाऱ्या जिलेटिनच्या कॅप्सूलविषयी मात्र प्रत्येक वेळी विचारावे लागते.

सातेरी

महाबळेश्वरच्या परिसरात आमच्या घरी मधपेट्या आहेत. वैनगंगाकाकांना विचारायचे आहे, की दूरदेशी यांनी म्हटले तसे पेन आपल्याकडे सहजी मिळत नाही. माझे मामा ६६ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी एकाच माशीच्या दंशानंतर ते कोसळले होते. आग्या मोहोळ उठून शेकडो माश्या चावल्या तर विषाच्या प्रमाणामुळेच माणूस अत्यवस्थ होतो हे आम्ही जाणतो, पण एका दंशाने असे होणे आम्हालाही नवीन होते. जवळचे रुग्णालय तासाभराच्या अंतरावर आहे. घरी कुपी आणि सिरिंज ठेवावी का?

वैनगंगा

आपल्या डॉक्टरांनी लिहून दिले आणि मात्रा भरण्याचा सराव घरातल्या दोघांकडून तरी करून घेतला, तर ठेवावी. पुष्कळ डॉक्टर आपल्याकडे हाच मार्ग सांगतात. कुपी उजेड आणि उष्णतेपासून दूर ठेवावी, द्रव पिवळसर-तपकिरी झाला तर फेकून द्यावी, मुदत संपण्याची तारीख डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहावी. एक मिलिलिटरची सिरिंज ठेवली तर अर्ध्याची खूण चुकत नाही, पण सुई मात्र स्नायूपर्यंत पोहोचेल एवढी लांब हवी. इंजेक्शन दिल्यावरही १०८ ला बोलवावेच, कारण त्रास ओसरल्यावर काही तासांनी तो पुन्हा उसळू शकतो. कारण अन्न, औषध की दंश, कोणतेही असो, वयस्क रुग्णाला त्या रात्री रुग्णालयातच ठेवणे मी पसंत करतो.

दंश झाल्यावर रुतलेली नांगी ताबडतोब काढावी. नखाने खरवडायची की चिमटीने ओढायची यात वेळ घालवू नये. मामा मेटोप्रोलॉलसारखी गोळी घेत असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. माशीच्या विषाची मात्रा हळूहळू वाढवत देण्याचा तीन ते पाच वर्षांचा उपचार असतो आणि तो चांगला लागू पडतो. तो मिळेपर्यंत मामांनी पेट्या उघडण्याचे काम दुसऱ्या कोणाकडे सोपवावे.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आपले प्रतिसाद मी छापून चुलत्यांना वाचायला दिले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि संध्याकाळी त्या तरुण डॉक्टरांना दूरध्वनी करून त्यांची क्षमा मागितली.

औषधवाला यांनी सांगितल्याप्रमाणे आबांसाठी जाड कागदावर मराठीत आणि इंग्रजीत सर्व तपशील लिहिला. एक प्रत त्यांच्या खिशात असते, एक गावातल्या दवाखान्यात दिली आणि एक शेजारच्या घरी ठेवली, कारण दिवसा आबा घरी एकटेच असतात. अ‍ॅस्पिरिनचा निर्णय व्हायचा आहे. त्यासाठी पुढच्या महिन्यात आम्ही पुण्याला अ‍ॅलर्जीच्या तज्ज्ञांकडे जाणार आहोत. मेटोप्रोलॉलऐवजी दुसरी गोळी देता येईल का, हे हृदयरोगतज्ज्ञ पाहत आहेत आणि तोपर्यंत ती चालूच आहे.

काल आबांच्या डाव्या डोळ्याच्या मोतिबिंदूची तारीख ठरवायला गेलो होतो. शस्त्रक्रियेनंतरच्या थेंबांची चिठ्ठी तेथे आधीच तयार ठेवलेली असते. तिच्यात तिसऱ्या ओळीत डायक्लोफेनॅक होते. आबांनी खिशातून कागद काढून टेबलावर ठेवला आणि डॉक्टरांनी ती ओळ खोडली.